दिवा नव्हता हे खरं, पण मागे पाहिलं कुणी?

पुण्यात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र थोडक्यात असं. संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास त्या चौदा वर्षांच्या मुलीला क्लासला सोडायला गेल्या होत्या. क्लाससमोर नेहमीसारखी दुचाक्यांची रांग, म्हणून त्यांनी मोटार रांगेला लागून, रस्त्यातच थांबवली. “उतर पटकन, उशीर झालाय,” असं म्हणून त्या मोबाइलवर फी भरल्याचा मेसेज शोधू लागल्या. मुलगी उजव्या बाजूला मागे बसली होती. तिनं दार उघडलं आणि मागून येणारे एक सायकलस्वार दारावर आदळून रस्त्यात पडले. साठीच्या आसपासचे हे गृहस्थ वॉचमन आहेत, रात्रपाळीला निघाले होते. मनगटाचं हाड मोडलं. बाईंनी त्यांना दवाखान्यात नेलं, बिल भरलं. तेही “पोलीस नको” म्हणाले, पोलिसांत कुणीच गेलं नाही. आता आठवडा झाला. वॉचमनकाकांच्या मुलाचा फोन आला की एजन्सी पगार देत नाही, प्लास्टर आणखी महिनाभर तरी राहणार, काहीतरी बघा. बाईंच्या यजमानांचं म्हणणं, सायकलला दिवा नव्हता, माणूस गाड्यांना घासून चालला होता, चूक त्याची. बिल भरलं तेवढं पुष्कळ झालं, खरं तर दाराच्या डेंटिंगचे पैसे आपणच मागायला हवेत. सोसायटीतले एक जण सांगतात, पंचवीस हजार द्या आणि स्टॅम्प पेपरवर ‘तक्रार नाही’ लिहून घ्या. मुलगी गप्प गप्प असते आणि मधूनच विचारते, “माझ्यामुळे झालं ना?” बाईंचे प्रश्न दोन: चूक नक्की कुणाची? आणि पोलिसांत जावंच लागलं तर, मुलीचं नाव येऊ नये म्हणून, दार मीच उघडलं असं सांगू का?

ताई,

आधी एक नोंद करते. रस्त्यात माणूस पडला, गर्दी जमली, तेव्हा तुम्ही गाडी काढून निघून गेला नाहीत. कायद्यानं ते तुमचं कर्तव्यच होतं, पण कर्तव्य असून पळणारे आपण रोज पेपरात वाचतो. पुढे मी जे लिहिणार आहे त्यातलं काही तुम्हाला आणि थोडं जास्त तुमच्या यजमानांना बोचेल, म्हणून हे आधी.

यजमानांचा सगळा भर दिव्यावर आहे, तर तिथूनच सुरुवात करू. सायकलला दिवा नव्हता. मान्य. संध्याकाळी सातनंतर बिनदिव्याची सायकल चालवणं धोक्याचं आहे आणि एके काळी याच पुण्यात त्यासाठी पोलीस सायकल अडवायचे, हे घरातले वडीलधारे तुम्हाला सांगतील. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, जे तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेला आहात: मुलगी दार उघडत होती तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये मेसेज शोधत होता. म्हणजे तुम्ही आरशात पाहिलं नाही. घाईत असलेल्या मुलीनंही मागे वळून पाहिलं नसणार. मग त्या सायकलवर दिवाळीची माळ लावलेली असती तरी काय फरक पडला असता? “दिवा नव्हता म्हणून दिसला नाही” हे म्हणण्याचा हक्क ज्यानं पाहिलं त्याला. ज्यानं पाहिलंच नाही, त्याला दिव्याचा उपयोग नव्हता. शिवाय क्लासचा रस्ता, दुकानं उघडी, रस्त्यावरचे दिवे चालू. आरशात पाहिलं असतं तर माणूस दिसला असता, अशीच शक्यता जास्त.

हा माझ्या पदरचा तर्क नाही. भरपाईच्या दाव्यांत विमा कंपन्या नेमका यजमानांसारखाच मुद्दा मांडतात: जखमी माणसानंही नियम मोडला होता, मग भरपाई कापा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण होतं. मोटरसायकलवर तिघं बसले होते, म्हणून मृताच्या कुटुंबाची भरपाई कमी केली होती. न्यायालयानं म्हटलं, तिघं बसणं हा नियमभंग आहे खरा, पण त्या नियमभंगामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवायला हवं. नुसता नियम मोडला एवढ्यानं वाटा त्याच्या माथी मारता येत नाही. तुमच्या प्रकरणात दिव्याला हीच कसोटी लावून बघा. मी न्यायाधीश नाही. उद्या दिव्यापोटी काही टक्के कपात झालीच तर मला धक्का बसणार नाही. पण “चूक त्याची” हे विधान यजमान ज्या ठामपणे करतात, तेवढा आधार त्याला नाही.

आता दुसरा मुद्दा, “गाड्यांना घासून चालला होता.” ताई, एकदा पेठेतल्या रस्त्यावर संध्याकाळी सायकल चालवून बघा म्हणजे तो कुठून चालला असता ते कळेल. डावीकडे उभ्या गाड्या. उजवीकडून दुचाक्या, रिक्षा, मधूनच पीएमपीची बस. सायकलस्वारानं उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहायचं ठरवलं, की मागून हॉर्न सुरू होतो, आणि एखादा पुढे जाताना वळून “काका, रस्ता काय बापाचा आहे का?” असंही विचारतो. लहानपणापासून शिकवलेलं असतं की सायकल डाव्या कडेनं चालवावी. जो हे निमूटपणे पाळतो तो बरोबर दाराच्या टप्प्यात येतो. मोटारीचं दार पूर्ण उघडलं की साधारण मीटरभर बाहेर येतं. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगानं, म्हणजे अगदी सावकाश चाललेली सायकलसुद्धा सेकंदाला चार मीटर पुढे जाते, आणि धोका दिसल्यापासून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंदभर तर जातोच. तीन मीटर पुढे दार उघडलं तर ब्रेक लावायचं त्याच्या हातात राहत नाही. दार चुकवायला हँडल उजवीकडे मारलं तर मागच्या वाहनाखाली. तुम्ही लिहिलंय की मागच्या रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला. त्या रिक्षावाल्याचे आभार माना. मनगटावर निभावलं ते त्याच्यामुळे.

आणि गाडी कुठे उभी होती? कडेला नव्हे, दुचाक्यांच्या रांगेला लागून, रस्त्यातच. सगळेच तिथे थांबवतात, मला ठाऊक आहे. क्लासवाले पार्किंगची सोय करत नाहीत, महापालिका लक्ष देत नाही, आणि सायकलींसाठी जे थोडंफार झालं त्याची गत सातारा रस्त्यावर जाऊन पाहावी: ट्रॅक आहेत, कुठे त्यांवर दुचाक्या लागलेल्या, कुठे टपरी. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही झाला. कागदावर पुणं अजून सायकलींचं शहर आहे. या सगळ्यांचा वाटा या अपघातात आहे, आणि त्यांच्यापैकी कुणीही दवाखान्याचं बिल भरायला येणार नाही.

मात्र उलटी टोकाची भूमिकाही मी घेणार नाही. गर्दीचा एक कायदा असतो: मोठ्या वाहनवाल्याची चूक, मग तो कसाही चालवत असो. तोही अन्यायच आहे. उतारावरून कानात इअरफोन घालून, न थांबता गल्लीतून मुख्य रस्त्यावर येणारा सायकलस्वार असतो. उलट दिशेनं, अंधारात, मोबाइल बघत येणारा असतो. महागडी सायकल आणि चकचकीत हेल्मेट घालून रविवारी सकाळी सिग्नल म्हणजे आपल्यासाठी नाहीच अशा थाटात जाणारे हौशीही असतात. अशा वेळी मोटारवाल्याचा वेग बेताचा होता, त्यानं पाहिलं, ब्रेक लावला आणि तरी धडक झाली, तर त्याला गुन्हेगार म्हणणं चूक आहे. प्रत्येक वेळी कोण काय बघू शकत होतं आणि काय टाळू शकत होतं, हेच विचारावं लागतं. तुमच्या बाबतीत ते विचारलं की दोषाचं पारडं तुमच्याकडे झुकतं, एवढंच.

पण ताई, “चूक कुणाची” या एका प्रश्नात तुम्ही सगळे दोन वेगळे प्रश्न एकत्र करताय, आणि घरातली निम्मी भांडणं त्यामुळे होत असावीत. शिक्षा कुणाला व्हावी हा एक प्रश्न. मोडलेल्या हाताचा खर्च कुणी सोसावा हा दुसरा. अनेक देशांनी या दोन प्रश्नांची मुद्दाम फारकत केली आहे. नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकल यांच्या धडकेत सायकलस्वार चौदा वर्षांखालचा असेल, तर त्यानं जाणूनबुजून अपघात घडवला नसेल किंवा त्याच्या जवळ जाणारा बेदरकारपणा केला नसेल तोवर पूर्ण नुकसानभरपाई मोटारमालकाच्या बाजूनं, म्हणजे व्यवहारात त्याच्या विम्यातून मिळते. चौदाच्या पुढच्या सायकलस्वाराची चूक असली तरी साधारणपणे निम्मी भरपाई मिळतेच. मोटारचालकाला काहीच टाळता येण्यासारखं नव्हतं हे सिद्ध झालं तरच मालक सुटतो, आणि ते सिद्ध करणं फार अवघड. फ्रान्सनं १९८५ मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालच्या आणि सत्तरीच्या पुढच्या जखमींना जवळपास कोणत्याही परिस्थितीत शारीरिक इजेची भरपाई मिळेल अशी सोय केली. आपल्याकडे याचं वर्णन “तिकडे नेहमी मोटारवालाच दोषी” असं होतं. ते बरोबर नाही. तिथे मोटारवाल्याला आपोआप तुरुंगात टाकत नाहीत. पैसे कुणाच्या विम्यातून जावेत, एवढंच आधी ठरवून टाकलंय.

यामागचा हिशोब सोपा आहे. अकराशे किलोची मोटार ताशी चाळीसच्या वेगानं जाताना जेवढी ऊर्जा घेऊन जात असते, ती ताशी पंधरानं जाणाऱ्या सायकल आणि स्वाराच्या ऊर्जेच्या शंभरपट भरते. रस्त्यावर धोका कोण आणतं, हे यात आलं. आणि विमा कुणाकडे असतो? मोटारीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा आहे, सायकलला नाही.

आता यजमानांना हे वाचून दाखवा: आपला कायदाही या वाटेवर बराच पुढे आलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार, मोटार वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख आणि मृत्यू झाला तर पाच लाख रुपये, कुणाची चूक हे सिद्ध न करता मागता येतात. १ एप्रिल २०२२ पासून हे लागू आहे. हाड मोडणं कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापतीत मोडतं. त्याहून जास्त नुकसान झालं असेल तर कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो, तिथे मात्र निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोन्हीपैकी कोणता मार्ग धरायचा हे काकांनी वकिलाला विचारून ठरवावं, कारण दोन्हीकडून घेता येत नाही.

“पण आमची गाडी तर उभी होती,” हा यजमानांचा पुढचा मुद्दा असेल, मी पैजेवर सांगते. १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात कवठ्याजवळ राष्ट्रीय महामार्गावर एक पेट्रोलचा टँकर ट्रकशी धडकून उलटला. काही तासांनी, सकाळी, सांडलेल्या पेट्रोलजवळ लोक जमले असताना स्फोट झाला आणि अनेक जण भाजले. टँकर तर चालत नव्हता, उलटून पडला होता, तेव्हा हा ‘वाहनाचा वापर’ नव्हे, असा युक्तिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला: वाहन उभं असलं, बंद पडलेलं असलं तरी तो वापरच. माणसं उतरवण्यासाठी थांबलेली आणि दार उघडलेली मोटार ‘वापरात नव्हती’ असं म्हणायला मग फारशी जागा उरत नाही.

मुलीबद्दल. तुमचा दुसरा प्रश्न वाचून मी थोडा वेळ थांबले, कारण त्यामागची आई मला कळते. पण उत्तर नाही असंच आहे. दार तुम्ही उघडलं असं सांगू नका. पहिलं कारण व्यवहाराचं: क्लासच्या दारात, समोरच्या मेडिकलवर, कुठे ना कुठे सीसीटीव्ही असतो. जबाब एक आणि चित्र दुसरं निघालं, की आज जो निष्काळजीपणा आहे त्याला उद्या खोटेपणाचं कलम चिकटतं, विमा कंपनीलाही हात झटकायला निमित्त मिळतं. दुसरं कारण तिच्यासाठी जास्त महत्त्वाचं. चौदा वर्षांच्या मुलीला ठाऊक आहे की दार तिनं उघडलं. आई पोलिसांत खोटं सांगते आहे हे पाहिल्यावर तिच्या मनातलं ओझं कमी होणार नाही, आपण काहीतरी भयंकर केलं असावं अशीच तिची खात्री होईल. अठरा वर्षांखालच्या मुलाविरुद्ध अशा स्वरूपाच्या प्रकरणात सर्वसाधारणपणे एफआयआर होत नाही, त्यांची वाट बाल न्याय कायद्यातून वेगळी जाते. त्या भीतीनं खोटं बोलायची गरज नाही. वकिलाला सोबत घ्या आणि घडलं तसं सांगा: गाडी मी थांबवली, रस्त्यातच थांबवली, मुलीला घाई मी केली, मागे मी पाहिलं नाही.

आणि हेच तिलाही सांगा, घरी, यजमानांसमोर. “तुझ्यामुळे नाही गं” असं म्हणून विषय उडवू नका, ती लहान असली तरी बावळट नाही. तिला म्हणा, दार तू उघडलंस हे खरं. पण गाडी चालवणाऱ्यानं आधी मागचं बघून मगच “उतर” म्हणायचं असतं, ते माझं काम होतं आणि ते राहिलं. काकांना भेटायला जाल तेव्हा ती स्वतःहून येते म्हणाली तर न्या. नको म्हणाली तर ओढत नेऊ नका आणि माफीचं भाषण पाठ करून घेऊ नका. चार-सहा आठवड्यांत ती पूर्ववत झाली नाही, झोप-जेवण बिघडलं, गाडीत बसायला घाबरू लागली, तर शाळेतल्या समुपदेशकांशी बोला.

आता या आठवड्यात करायच्या गोष्टी. पोलिसांना चोवीस तासांत कळवणं चालकाचं कर्तव्य होतं, ते हुकलं. उशीर झाला म्हणून जाऊच नये, असा त्याचा अर्थ नाही. दवाखान्यानं मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या दुखापतीची, नोंद केली असेल तर चौकीवर कागद आधीच पोहोचलेला असू शकतो, आणि मग तुम्ही गप्प बसलात हेच उठून दिसेल. एखाद्या मोटार अपघात दावे बघणाऱ्या वकिलाशी अर्धा तास बोलून मग चौकीवर जा. अपघाताची नोंद झाली की पोलिसांना ४८ तासांत प्राथमिक अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यावा लागतो. काकांची भरपाई त्या कागदांवरच पुढे सरकते. तुम्ही पोलिसांत जाणं म्हणजे त्यांच्यावर वार करणं नव्हे, हे त्यांच्या मुलालाही समजावून सांगा. “पोलीस नको” असं काका त्या दिवशी म्हणाले ते बहुधा चौकीच्या भीतीनं.

विमा कंपनीला लेखी कळवा, आजच. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता आपण दरवर्षी नाक मुरडून भरतो तो नेमका अशा वेळेसाठी. इथे एक खाचखळगा आहे, पुष्कळ सज्जन माणसं त्यात पडतात. पॉलिसीच्या अटींत असतं की कंपनीच्या संमतीशिवाय विमाधारकानं जबाबदारी कबूल करू नये, तडजोडीची रक्कम देऊ करू नये. म्हणून सोसायटीतल्या त्या गृहस्थांचा स्टॅम्प पेपर तुमच्याही सोयीचा नाही. त्यात तुम्ही रक्कम देऊन बसाल आणि कंपनी म्हणेल, आम्हाला न विचारता केलंत ना, मग निस्तरा. काकांच्या बाजूनं तर तो कागद सरळ अन्याय आहे. पगार थांबलेल्या, हात गळ्यात बांधलेल्या माणसाकडून पंचवीस हजारांत सही घेणं, तेही अडीच लाखांचा हक्क त्याला सांगितल्याशिवाय, हे तुम्हाला रुचेल असं मला वाटत नाही. सही घेतली तरी फौजदारी प्रकरण घरबसल्या संपतं असंही नाही, ते मिटवायचं तर न्यायालयाच्या परवानगीनं मिटतं. दाव्यात तडजोड करायची तर लोकअदालत आहे, तिथे विमा कंपनीचे लोकही बसतात आणि प्रकरणं लवकर निकाली निघतात.

मग दरम्यान काय, त्यांच्या घरात चूल कशी पेटणार? मदत करा. ती मदत म्हणूनच करा, कशाच्याही बदल्यात नाही, पण बँकेतून द्या आणि वकिलाला सांगून द्या. किराणा भरून द्या, तपासणीला रिक्षाचे पैसे द्या, डॉक्टरांची पुढची फी भरा. त्यांच्या पगारपत्रकावर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होते का, हेही त्यांच्या मुलाला बघायला सांगा. होत असेल तर कामाला जाता-येताना झालेला अपघात ईएसआयच्या कायद्यात बसू शकतो आणि रजेच्या काळात पैसे मिळू शकतात. एकाच दुखापतीसाठी ईएसआय आणि मोटार दावा दोन्ही लावताना मात्र कायद्याची अडचण येते, तेव्हा अर्ज करण्याआधी वकिलाला विचारायला हवं. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे पात्र माणसाला मोफत वकील मिळतो. हे त्यांना तुम्ही सांगा. तुमच्याविरुद्धच्या दाव्यासाठी तुम्हीच वकिलाचा पत्ता देताय हे यजमानांना विचित्र वाटेल, पण पैसे विमा कंपनी देणार आहे, यजमान नाहीत, हे कळल्यावर त्यांचा राग निम्मा होईल असा माझा अंदाज आहे. दाराच्या डेंटिंगचं म्हणाल तर पॉलिसी सर्वंकष असेल तर तिथून घ्या, नसेल तर पदरचे भरा. वॉचमनकडे मागायची भाषा घरात पुन्हा नको.

मोटार चालवणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. मागच्या उजव्या दाराला चाइल्ड लॉक असतो, दाराच्या कडेला छोटी कळ. तो लावून टाका, मुलं डाव्या दारानंच उतरतील. गाडी फूटपाथला टेकवली नसेल तर डावीकडूनही सायकल किंवा दुचाकी घुसते, तेव्हा तिथेही आधी मागे बघायचंच. आणि चालकानं स्वतःचं उजवं दार डाव्या हातानं उघडायची सवय लावून घ्यावी. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा आपोआप वळतो आणि नजर आरशावरून मागे जाते. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत जानेवारी २०२२ पासून हे लिहिलेलं आहे, डच लोक तर कधीपासून करतात. पहिले दोन दिवस अवघडल्यासारखं होतं.

सायकलवाल्यांनाही सांगते, कारण त्यांचीही पत्रं येतात. मागे लाल दिवा किंवा निदान रिफ्लेक्टर लावा. बॅटरीचा दिवा एका वेळच्या मिसळीच्या पैशांत येतो. उभ्या मोटारींपासून मीटरभर अंतर ठेवा, मागचे हॉर्न वाजवोत. ज्या मोटारीत माणूस बसलेला दिसतो किंवा जिचे दिवे नुकतेच बंद झालेत तिच्याजवळ वेग कमी करा. आणि कुणी पाडलंच, तर उठून कपडे झटकून “काही नाही झालं” म्हणत निघून जाऊ नका. गाडीच्या नंबरचा, उघड्या दाराचा, सायकल पडली त्या जागेचा फोटो काढून ठेवा, साक्षीदाराचा नंबर घ्या, ११२ ला फोन करा. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: मोटार वाहनामुळे झालेल्या अपघातात जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळतात, पण त्यासाठी पोलिसांकडे नोंद लागते.

काकांच्या मुलाला पुढच्या फोनवर एवढं आवर्जून सांगा, ताई. दावा दाखल करायला कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीवरून न्यायालयात वाद चालू आहे, पण त्यांनी त्या वादाच्या भरवशावर राहू नये. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगाराचा पुरावा एका पिशवीत घालून त्यानं याच महिन्यात वकिलाकडे जावं, प्लास्टर निघायची वाट बघत बसू नये.